पार्किन्सन्स असलेल्या वडिलांसाठी केअर सेंटर बघताना नेमकं काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७८ वर्षांचे, पार्किन्सन्स आहे, गेल्या वर्षापासून विसरणं वाढलंय, घरी दोनदा पडले. आई नाहीत. तुम्ही बंगळूरला, तीन महिन्यांतून एकदा येऊ शकता. पुण्यात दोन केंद्रं पाहिलीत. दोन्ही स्वच्छ, दोन्हीकडे सीसीटीव्ही, दोन्हीकडे ‘२४ तास स्टाफ’ आणि ‘डॉक्टर ऑन कॉल’. खर्चात महिन्याला बारा हजारांचा फरक. यातलं सुरक्षित कुठलं, हे ओळखायचं कसं?

तुम्ही जे पाहिलंत ते सकाळी अकरा ते एकमध्ये दिसणारं केंद्र. फरशी तेव्हाच पुसलेली असते, व्यवस्थापक जागेवर असतात, आजी-आजोबा आंघोळ करून बसलेले असतात. वडिलांची सुरक्षितता मात्र पहाटे तीन वाजता ठरणार आहे. ते बाथरूममध्ये घसरले तर कोणाला कळेल, तो काय करेल, सकाळच्या पाळीला काय सांगेल, डॉक्टरांपर्यंत आणि तुमच्यापर्यंत ती गोष्ट कधी पोचेल, आणि दुसऱ्या रात्री काही वेगळं होईल का? तपासणीला गेल्यावर मी हाच धागा पकडते.

एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. ‘चांगलं केंद्र’ हे तुमचे वडील कुठल्या टप्प्यावर आहेत त्यावर ठरतं. स्वतः उठून चालणाऱ्याला पडण्याचा धोका, अंथरुणाला खिळलेल्याला बेडसोरचा (एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमांचा) आणि ठसक्याचा. एका टप्प्यासाठी उत्तम असलेली जागा दुसऱ्यासाठी कमी पडू शकते. म्हणून दोन वर्षांनी वडील खिळले तर हेच केंद्र त्यांना ठेवून घेईल का, हे आजच विचारा.

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही सरकारी यंत्रणा प्रत्येक केअर होमची तपासणी करून श्रेणी जाहीर करते. आपल्याकडे घरबसल्या वाचता येईल असा एकत्रित अहवाल नाही. नोंदणी, अग्निसुरक्षा, लिफ्ट, स्वयंपाकघर यांचे कागद वेगवेगळ्या खात्यांचे. त्यामुळे तपासणीचं काम कुटुंबावरच येतं, आणि ते नीट केलं तर बरंच काही कळतं.

औषधांपासून सुरुवात करा

पार्किन्सन्सच्या माणसासाठी केंद्राची सगळ्यात कडक परीक्षा औषधाच्या वेळेत आहे. लेवोडोपाच्या गोळ्या (सिन्डोपा वगैरे) ‘सकाळ-दुपार-संध्याकाळ’ अशा देऊन चालत नाहीत. डॉक्टरांनी ७, ११, ३, ७ लिहिलं असेल तर ती गोळी त्याच वेळी जायला हवी. तास-दीड तास उशीर झाला की अंग आखडतं, उठता येत नाही, गिळणंही अवघड होतं. मग वडील पडतात किंवा त्यांना ठसका लागतो, आणि नोंद होते ‘वयोमानानुसार अशक्तपणा’. साधारणपणे ही गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यावी. दूध, पनीर, भरपूर डाळ यांतल्या प्रथिनांमुळे तिचा असर घटतो. सकाळी गोळी आणि दुधाचा कप एकदम हातात देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी असते, तीच इथे नडते. मळमळ होत असेल तर डॉक्टर बिस्किटाबरोबर द्यायला सांगतात, तेवढा अपवाद.

म्हणून सिस्टरना विचारा, “अकरा वाजताची गोळी कोण देतं? त्या वेळी आंघोळी चालू असतील तर?” ज्यांनी हे काम केलंय त्या लगेच सांगतील की गजर लावतो, ट्रे वेगळा ठेवतो, अमुक माणूस जबाबदार. “देतो की आम्ही वेळेवर” एवढंच उत्तर आलं तर पुढचं पाऊल उचला: गोळ्या मोजा.

मोजणी सोपी आहे. समजा १ तारखेला सकाळी ६० गोळ्या दिल्या, दिवसाला ४. ९ तारखेला सकाळी पहिली गोळी द्यायच्या आधी आठ दिवसांच्या ३२ गेलेल्या असायला हव्यात, म्हणजे २८ उरायला हव्यात. डब्यात ३१ निघाल्या आणि चार्टवर सगळ्या सह्या असतील, तर तीन वेळा गोळी न देता सही झाली आहे. एखादी गोळी चुकणं माणसाकडून होतं. न देता सही करणं ही त्या जागेची सवय असते, आणि ती फक्त गोळ्यांपुरती राहत नाही. दुसऱ्या कुणाची औषधं तुम्हाला मोजता येणार नाहीत, पण वडिलांची चाचणी-मुक्कामात (कायमचं ठेवण्याआधी थोडे दिवस ठेवून बघाल तेव्हा) नक्की येतील. त्याआधी, नावं झाकून कोऱ्या-भरलेल्या चार्टचा नमुना दाखवा म्हणा. महिन्याभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत केल्यासारख्या दिसल्या तर ते लपत नाही. भरलेल्या चार्टमध्ये मधेमधे ‘घेतली नाही, उलटी झाली’, ‘रुग्णालयात’ अशा नोंदी असतात; त्या असणं चांगलं लक्षण.

फ्रिज उघडून दाखवायला सांगा. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्यांना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं, तिथे थर्मामीटर आणि रोजची नोंद हवी. उघडलेल्या कुपीवर उघडल्याची तारीख हवी, कारण बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर साधारण २८ दिवसच वापरतात. वडिलांना मधुमेह नसला तरी हे बघा. औषधांबद्दलची शिस्त एका नजरेत कळते.

आणि वडिलांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून द्या: उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म) नको, अस्वस्थपणासाठी हॅलोपेरिडॉल नको, लेवोडोपा अचानक बंद करू नये. पहिल्या दोन औषधांनी पार्किन्सन्स बळावतो, आणि रात्री बोलावलेल्या नव्या डॉक्टरला आजार माहीत नसला तर नेमकी हीच दिली जातात. लेवोडोपा एकाएकी थांबवलं तर ताप आणि कमालीचा ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. पर्यायी औषध तुमच्या न्यूरोलॉजिस्टकडून त्याच पानावर लिहून घ्या.

‘२४ तास स्टाफ’चं गणित

किती निवासी आणि किती केअरटेकर, एवढं विचारून भागत नाही. एका पाळीला, त्यातही रात्री, प्रत्यक्ष किती जण उभे असतात ते काढा. बारा तासांच्या दोन पाळ्या धरल्या तर एक जागा आठवडाभर भरायला १४ पाळ्या लागतात. एका माणसाला एक सुट्टी दिली तर तो ६ पाळ्या करतो. म्हणजे एका जागेसाठी सव्वादोनच्या वर माणसं, रजा-आजारपण धरलं तर अडीच. ३० निवाशांसाठी आठ केअरटेकर ऐकायला बरे वाटतात. आठ जण आठवड्याला ४८ पाळ्या करतात, म्हणजे एका वेळी जेमतेम तीन. गणपती-दिवाळीत दोघं गावी गेले की दोनच.

आता त्या ३० पैकी दहा जण अंथरुणाला खिळलेले असतील तर? त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, ओला डायपर असेल तर बदलायचा. दोघं मिळून प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर एका फेरीला शंभर मिनिटं. १२० मिनिटांतली वीस उरली. त्यात तुमचे वडील दोनला लघवीला उठले, तर सोबत जायला कोण? रात्रीची दोन माणसं या कामाला पुरत नाहीत. हे गणित व्यवस्थापकांसमोर शांतपणे मांडा. जे खरंच चालवतात ते म्हणतील, “आमच्याकडे खिळलेले चारच घेतो” किंवा “रात्री चौघं असतात, हे रोस्टर बघा.” महागड्या केंद्राचे जादा बारा हजार रात्रीच्या माणसांवर जात असतील तर ते मोलाचे आहेत. बाग आणि लॉबीवर जात असतील तर वडिलांना त्याचा फारसा उपयोग नाही.

गेल्या महिन्याचं रोस्टर मागा, पुढच्या महिन्याचं नको. पुढचं नेहमी पूर्ण भरलेलं असतं. ‘डबल ड्यूटी’ किती वेळा लागली ते बघा. २४ तास जागलेल्या मावशींना पहाटे हाक ऐकू येत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. पोलीस पडताळणी झालीय का, आणि एजन्सीकडून आलेल्या बदली माणसांचीही झालीय का, हे वेगळं विचारा.

एका घटनेचा माग काढा

वेळ कमी असेल आणि एकच गोष्ट करता येणार असेल तर ही करा. “तुमच्याकडे शेवटचं कोण पडलं? नाव सांगू नका, नोंद दाखवा.” मग ती घटना चार ठिकाणी शोधा: घटना-नोंदवहीत, त्या रात्रीच्या हँडओव्हरमध्ये (पाळी बदलताना पुढच्यांना दिलेल्या माहितीत), डॉक्टरांच्या पुढच्या भेटीच्या टिपणात, आणि नातेवाइकांना केलेल्या फोनच्या नोंदीत. चारही जागी वेळ आणि तपशील जुळले तर जागा जिवंत आहे. पाचवी गोष्ट त्याहून महत्त्वाची: त्यानंतर काय बदललं? पलंग खाली घेतला, रात्रीचा दिवा लावला, झोपेची गोळी कमी केली, चष्मा बदलला, असं काही तरी लिहिलेलं हवं. ‘काळजी घ्यायला सांगितले’ हा बदल नव्हे.

“आमच्याकडे सहा महिन्यांत कुणीच पडलं नाही” असं ऐकलंत तर सावध व्हा. तीस म्हातारी माणसं असलेल्या घरात पडणं होतंच. नोंद शून्य म्हणजे एक तर लिहीत नाहीत, नाही तर माणसांना हलूच देत नाहीत.

पडल्यावर काय करतात तेही विचारा. लगेच बगलेत धरून उचलणं चूक. आधी जागेवरच बघायचं: डोक्याला लागलंय का, खुब्यात दुखतंय का, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय का. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील आणि डोकं आपटलं असेल, तर ‘बरं वाटतंय’ म्हणाले तरी रुग्णालयात न्यायचं. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही वेळा दिवसांनी, आठवड्यांनीही लक्षात येतो. म्हणून नंतरची सुस्ती, गोंधळ, डोकेदुखी लिहून ठेवणारं कुणी तरी हवं.

पार्किन्सन्समध्ये अनेकांचा रक्तदाब उभं राहिल्यावर घसरतो. निजलेलं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवायचं. इथे असा मोजतात का? बहुतेक ठिकाणी खुर्चीत बसवून एकदाच मोजतात आणि घसरण सापडतच नाही.

बाथरूममध्ये टेप घेऊन जा

वडिलांना ज्या खोलीत ठेवणार ती खोली बघा, ‘सॅम्पल रूम’ नाही. कमोडवर स्वतः बसा. तळवे पूर्ण टेकतात आणि गुडघे काटकोनात राहतात का? साधारण ४५ ते ४८ सेंटिमीटर उंची बऱ्याच जणांना सोयीची पडते, पण वडिलांची उंची बघून ठरवा. आधाराचा दांडा हात ओला करून पूर्ण वजनाने ओढा. टॉवेल अडकवायचा रॉड हा आधार नव्हे, तरी तोच धरून लोक उठतात आणि टाइलसकट तो हातात येतो. दार आत उघडत असेल तर पडलेला माणूस दारालाच अडतो आणि बाहेरून ढकलता येत नाही. बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, कडी बाहेरून उघडता यायला हवी. उंबरठा, दोन रंगांच्या फरशीचे पट्टे, अरुंद वळण या ठिकाणी पार्किन्सन्सच्या माणसाचे पाय जागीच खिळतात. म्हणून वडिलांना घेऊन पलंगापासून कमोडपर्यंत एकदा चालून बघा.

बेल दाबा, बाथरूममधलीच. किती वेळात कुणी आलं आणि कोण आलं, हे घड्याळावर बघा. बेलची दोरी वर गुंडाळून ठेवलेली असेल तर पडलेल्या माणसाच्या हाताला ती लागणार नाही; ती जमिनीजवळ पोचायला हवी.

गरम पाण्याकडे फार कमी लोक बघतात. आपल्याकडे अनेक इमारतींवर सोलर बंब आहेत, आणि एप्रिल-मेमध्ये त्यातलं पाणी ६० अंशांच्याही पुढे जातं. ६० अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं, म्हाताऱ्या पातळ कातडीला त्याहून लवकर. आंघोळीचं पाणी ४३ अंशांच्या वर नसावं. नळावर तापमान रोखणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह असेल तर उत्तम. बादलीनेच आंघोळ घालत असतील तर आधी थंड, मग गरम, मग थर्मामीटर किंवा निदान कोपराने तपासणं, हा क्रम मावशींच्या तोंडून यायला हवा. व्यवस्थापकांच्या तोंडून आला तर मोजू नका.

आग आणि कुलूप

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. शेवटचा मागा, त्यावरचा पत्ता हाच आहे ना ते बघा. अग्निशामकावरच्या काट्याने हिरव्या पट्ट्यात असायला हवं. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला काटा नसतो, त्याचं वजन केल्याची तारीख बघायची.

खरा धोका मात्र कुलपात आहे. विसरणारी माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून जिन्याच्या दाराला कुलूप, खिडक्यांना ग्रिल, आणि किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. रात्री धूर भरला तर ते दार वेळेत उघडणार नाही. कुलूप लावणं समजू शकतं. किल्ली त्या मजल्यावर ड्यूटीवर असलेल्याच्या कमरेलाच हवी. रात्रपाळीच्या माणसाला विचारा, “आत्ता हा जिना धुराने भरला तर या खोलीतल्या आजोबांना कुठून न्याल?” खिळलेल्यांना चादरीसकट ओढत त्याच मजल्याच्या दुसऱ्या भागात न्यायचं, दार लावून घ्यायचं, मग खाली, हे ज्याने एकदा तरी करून पाहिलंय तो हातवारे करून सांगतो. खिळलेले लोक तिसऱ्या मजल्यावर आणि ऑफिस तळमजल्यावर असेल तर का, ते विचारा. जाता जाता इन्व्हर्टरची खोली, ऑक्सिजनचा सिलिंडर साखळीने बांधलाय का, आणि देव्हाऱ्यातली समई पडद्यापासून किती लांब आहे तेही बघा.

जेवण, वजन, आणि गुंगी

एक भेट जेवणाच्या वेळी द्या. भरवणारी व्यक्ती बसून भरवतेय की उभ्याने? माणूस पूर्ण ताठ बसलाय का? घास गिळल्याशिवाय दुसरा दिला जातोय का? जेवणानंतर अर्धा तास तरी बसवून ठेवतात का, की लगेच आडवं करतात? पार्किन्सन्समध्ये अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत अन्न जाऊन न्यूमोनिया होणं हे मृत्यूचं मोठं कारण असतं, आणि तो टाळणं बरंचसं या चार गोष्टींवर ठरतं.

वजनाची वही मागा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर डॉक्टरांनी बघायलाच हवं. ६० किलोचा माणूस महिन्यात ५७ वर आला, तर ‘म्हातारपणी भूक कमीच होते’ म्हणून सोडता येत नाही.

दुपारी चारला हॉलमध्ये पाच मिनिटं गप्प बसा. बरेच जण माना टाकून झोपलेले असतील तर औषधांचा प्रश्न विचारा: क्वेटियापीन, क्लोनाझेपामसारखी गुंगी आणणारी औषधं किती जणांना, कुणाच्या चिठ्ठीवर, आणि शेवटचा आढावा कधी? कुणाला पंच्याने किंवा ओढणीने खुर्चीला बांधलेलं दिसलं, तर ‘त्यांच्याच सुरक्षेसाठी’ हे उत्तर पुरेसं मानू नका. बांधलेला माणूस खुर्चीसकट पडतो, आणि सुटायच्या धडपडीत जास्त लागतं. पलंगाच्या कठड्यांचंही तेच; उठू शकणारा माणूस कठड्यावरून चढतो आणि अधिक उंचीवरून पडतो. वडिलांसाठी खाली घेता येणारा पलंग बरा.

करार आणि पहिला महिना

संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, कंपनी असेल तर तिची नोंदणी बघा. करारात चार गोष्टी लेखी घ्या: अनामत किती दिवसांत परत, शुल्कवाढ वर्षाला जास्तीत जास्त किती, रुग्णालयात असतानाच्या दिवसांचे पैसे कसे, आणि कुठल्या कारणाने वडिलांना ‘घेऊन जा’ म्हणू शकतात व त्यासाठी किती मुदत. रुग्णालयात न्यायची वेळ आली तर सोबत कोण थांबणार, सही कोण करणार, आधी डिपॉझिट कोण भरणार, हे तुम्ही बंगळूरला असल्यामुळे तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. पुण्यातल्या एका नातेवाइकाचं नाव आणि अधिकार लिहून द्या.

तक्रारीची वेळ आली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून मिळायच्या निर्वाहासाठी आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

शक्य असेल तर आधी दोन आठवड्यांचा चाचणी-मुक्काम घ्या. दाखल करतानाच अंगावरच्या प्रत्येक जखमेची, डागाची नोंद फोटोसह करून दोघांच्या सह्या घ्या. टाचा आणि माकडहाड विसरू नका. याने तुमचं आणि केंद्राचं, दोघांचंही रक्षण होतं. या मुक्कामात एकदा संध्याकाळी साडेसातला, एकदा सकाळी साडेसहाला कुणाला तरी पाठवा.

नंतर बंगळूरहून व्हिडिओ कॉल कराल तेव्हा वेळ बदलत राहा, आणि वडिलांना फक्त बसलेलं पाहू नका. “बाबा, जरा उठून खिडकीपर्यंत जा” म्हणा, शेजारी कुणी उभं राहतंय का बघा. एक कॉल गोळीच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी ठेवा आणि चालू राहू द्या. महिन्याच्या १ तारखेला औषधांच्या चार्टचा, वजनाचा, निजून-उभं राहून मोजलेल्या रक्तदाबाचा आणि उरलेल्या गोळ्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. पहिल्या महिन्यातच ही पद्धत पाडा. वर्षभराने मागायला लागलात तर तो अविश्वास वाटतो. पहिल्यापासून असेल तर सिस्टर स्वतःहून पाठवतात.